२० विजय, १३४ पराभव: क्लीव्हलँडचा १८९९चा हंगाम बुडाला की बुडवला?

खेळातले बहुतेक विक्रम आज ना उद्या मोडतात. एक मात्र असा आहे की तो मोडायचं कुणी मनावर घेतलं तरी जमणार नाही. १८९९ साली अमेरिकेच्या नॅशनल लीगमधला क्लीव्हलँड स्पायडर्स हा व्यावसायिक बेसबॉल संघ बाहेरगावच्या मैदानांवर १०१ सामने हरला. आज मेजर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेतला, प्रत्येक संघ वर्षाला १६२ सामने खेळतो, त्यातले निम्मे, म्हणजे ८१, बाहेरगावी. ८१च्या ८१ हरले तरी १०१चा आकडा वीस सामने लांबच राहतो.

आता जरा थांबून त्या १०१कडे नीट पाहा. त्या काळी लीगमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येकाने उरलेल्या अकरांशी चौदा-चौदा सामने खेळायचे, म्हणजे १५४. निम्मे घरी म्हटले तर बाहेरचे ७७. मग हा संघ १०१ हरला आणि वर ११ जिंकला, म्हणजे बाहेर ११२ सामने खेळला कसा? उरलेले घरचे फक्त ४२. पस्तीस सामने आपलं शहर सोडून दुसऱ्यांच्या गावी गेले कशासाठी?

ते शोधायला मैदान सोडून मालकाची चोपडी उघडावी लागते. या हंगामाची गोष्ट सहसा 'इतिहासातला सर्वांत भिकार संघ' म्हणून हसत हसत सांगितली जाते. मला ती तशी सांगाविशी वाटत नाही. हा संघ भिकार होता, पण त्याला भिकेला लावलं होतं.

आधी थोडं बेसबॉल

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी कामापुरतं सांगतो. दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू, प्रत्येक संघाला नऊ डाव, पण डाव अगदी लहान. तीन जण बाद झाले की संपला. पिचर चेंडू टप्पा न पाडता फेकतो, फलंदाज तो टोलवून पळतो आणि तीन बेसना, म्हणजे मैदानावरच्या ठरलेल्या तीन थांब्यांना, शिवत पुन्हा मूळ जागी पोचला की एक धाव. निकाल साधारण ५-३, ७-४ असे लागतात.

एक गोष्ट मात्र क्रिकेटवाल्यांना मुद्दाम सांगायला हवी. बेसबॉलमध्ये एका सामन्यापुरतं नशीब फार चालतं. उत्तम संघसुद्धा दहातले तीन-चार सामने हरतो आणि रडका संघही तीन-चार जिंकतो. त्या १८९९च्या हंगामात पहिला आलेला ब्रुकलिनचा संघ १०१ जिंकला, ४७ हरला, म्हणजे शंभरात अडुसष्ट. आपल्या काळातलं टोकाचं उदाहरण घ्यायचं तर २०२४चा शिकागो व्हाइट सॉक्स: ४१ विजय, १२१ पराभव. अमेरिकेत वर्षभर त्यांची टिंगल झाली. तरी ते शंभरात पंचवीस जिंकले. स्पायडर्स जिंकले शंभरात तेरा. नुसत्या वाईट खेळाने इतकं खाली जाता येत नाही.

गुणतालिकेत 'किती सामने मागे' असा एक रकाना असतो, त्याचं गणितही सोपं आहे. दोन संघांच्या विजयांतला फरक काढायचा, पराभवांतला फरक काढायचा, बेरीज करून निम्मी करायची. ब्रुकलिन १०१-४७, क्लीव्हलँड २०-१३४. फरक ८१ आणि ८७, बेरीज १६८, निम्मे ८४. पहिल्या संघापेक्षा ८४ सामने मागे! ते एक वेळ सोडा. शेवटून दुसरा, म्हणजे अकरावा आलेला वॉशिंग्टनचा संघसुद्धा त्यांच्यापेक्षा ३५ सामने पुढे होता. शर्यतीत शेवटून दुसऱ्या धावपटूचीही पाठ दिसेनाशी व्हावी तसं.

दोन दुकानं, एक गल्ला

हे घडू शकलं ते त्या काळच्या लीगच्या रचनेमुळे. १८८०च्या दशकात नॅशनल लीगला 'अमेरिकन असोसिएशन' नावाची प्रतिस्पर्धी लीग होती. १८९१च्या हंगामानंतर ती बंद पडली, तिचे चार संघ नॅशनल लीगने पोटात घेतले आणि १८९२पासून बारा संघांची एकच लीग उरली. बाजारात दुसरं दुकान राहिलं नाही.

याचे परिणाम सर्वांत आधी खेळाडूंनी भोगले. करारात एक कलम असे, त्याला 'रिझर्व्ह क्लॉज' म्हणत: करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहतो, दुसरा कुणी त्याला घेऊ शकत नाही. दुसरी लीग होती तोवर निदान तिकडे पळून जाण्याची धमकी देता येत असे. आता तीही सोय संपली. वर मालकांनी मिळून पगाराला हंगामाला २,४०० डॉलरची कमाल मर्यादा घालून ठेवली होती. तुम्ही देशातले सर्वोत्तम पिचर असा नाहीतर कुणी असा, मर्यादा तीच. मालकाने उद्या सांगितलं की बाडबिस्तरा उचल आणि दुसऱ्या शहरात जा, तर जायचं. नाहीतर घरी बसायचं.

आणखी एक. युरोपातल्या फुटबॉलमध्ये शेवटचा आलेला संघ खालच्या विभागात ढकलला जातो. अमेरिकेत तसं तेव्हाही नव्हतं, आजही नाही. शेवटचा आलात तरी पुढच्या वर्षीची जागा पक्की. त्यामुळे हरण्याची भीती मालकाला फक्त एकाच बाजूने असते, गल्ल्याच्या.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात घातक. एका संघाच्या मालकाने त्याच लीगमधल्या दुसऱ्या संघात पैसे घालायला मनाई नव्हती. आज आयपीएलमधल्या मुंबईच्या संघाच्या मालकांचे दक्षिण आफ्रिकेत आणि अमेरिकेतही संघ आहेत, पण ते वेगळ्या लीगांमध्ये. केपटाऊनचा संघ मुंबईशी आयपीएलच्या गुणांसाठी खेळत नाही. १८९९मध्ये तसला आडपडदा नव्हता. ब्रुकलिन आणि बाल्टिमोर या दोन संघांच्या मालकांनी एकमेकांत भागीदारी केली होती. क्लीव्हलँड आणि सेंट लुईस हे दोन संघ तर सरळ एकाच घरात होते. एकाच माणसाची एकाच गल्लीत दोन दुकानं असली की तो चांगला माल कुठल्या दुकानात मांडेल? जिथे गिऱ्हाईक जास्त.

ट्रामवाले रॉबिसन

ते घर रॉबिसनांचं. फ्रँक आणि स्टॅन्ली हे दोघे भाऊ. क्लीव्हलँड हे ईरी सरोवराच्या काठचं, कारखान्यांचं, झपाट्याने वाढणारं शहर आणि तिथे रॉबिसनांच्या मालकीच्या ट्रामगाड्या होत्या. १८९१मध्ये फ्रँक रॉबिसनने संघासाठी लीग पार्क हे नवं मैदान बांधलं, तेही अगदी स्वतःच्या ट्रामच्या मार्गावर. प्रेक्षक यायचा ट्रामने आणि जायचाही ट्रामने. तिकिटाचे पैसे यांनाच, ट्रामचं भाडंही यांनाच. हिशेबी माणूस!

आणि संघ चांगला होता, हे विसरून चालणार नाही. १ मे १८९१ला या मैदानावर पहिला सामना झाला तेव्हा पिचर होता साय यंग. पुढे त्याने कारकिर्दीत ५११ विजय मिळवले. त्या आकड्याच्या आसपास आजवर कुणी फिरकलेलं नाही, आणि आजही वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला त्याच्याच नावाचा पुरस्कार मिळतो. फळीवर जेसी बर्केट होता. १८९५ आणि १८९६ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याची फलंदाजीची सरासरी .४००च्या वर गेली, म्हणजे दहा संधींत चार वेळा तो चेंडू टोलवून बेसवर पोचला. १८९५मध्ये या संघाने बाल्टिमोरला हरवून टेंपल कप, म्हणजे लीगमधल्या पहिल्या दोन संघांतली अखेरची मालिका, जिंकला होता. १८९८मध्येही ८१ विजय, ६८ पराभव आणि बारांत पाचवा क्रमांक. हा पाचवा क्रमांक लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

अडचण होती ती प्रेक्षकांची. कारखान्यातल्या कामगाराला सुट्टी एकच, रविवारची, आणि क्लीव्हलँड ज्या राज्यात आहे त्या ओहायोत रविवारी सामना खेळवायला धर्माच्या आधाराने केलेल्या कायद्याची आडकाठी. मे १८९७मध्ये रॉबिसनने धाडस करून रविवारचा सामना भरवला. एक डाव होतो न होतो तोच पोलिसांनी दोन्ही संघांच्या खेळाडूंना पकडून नेलं. ऐन गर्दीचा वार हातचा गेल्यावर रॉबिसनचं मन शहरावरून उडालं. १८९८मध्येच घरचे बरेचसे सामने दुसऱ्या गावांत खेळवायला त्यांनी सुरुवात केली होती. म्हणजे १८९९चं दुखणं एका रात्रीत आलेलं नव्हतं.

याच सुमारास सेंट लुईसचा संघ लिलावात निघाला. त्याचा मालक 'क्रिस फॉन डेर आहे' (Chris von der Ahe) हा एकेकाळचा रुबाबदार बिअरवाला; पण मैदानाला लागलेली आग, कज्जे आणि कर्ज यांत तो पुरता बुडाला होता. संघही रसातळाला: १८९८मध्ये ३९ विजय, १११ पराभव, शेवटचा क्रमांक. १८९९च्या सुरुवातीला हा संघ हातोहात फिरत रॉबिसनांकडे आला. सेंट लुईस म्हणजे १९००च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या वस्तीचं, देशातलं चौथं मोठं शहर. क्लीव्हलँड पावणेचार लाखांच्या थोडं वर. आणि मुख्य म्हणजे सेंट लुईसमध्ये रविवारी खेळायला बंदी नव्हती.

पुढचं ओघानेच आलं. हंगाम तोंडावर असताना साय यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो, अशी क्लीव्हलँडची अख्खी पहिली फळी सेंट लुईसला रवाना झाली. तिथल्या संघाचं नाव बदलून 'परफेक्टोज' ठेवलं, म्हणजे परिपूर्ण! बदल्यात सेंट लुईसचे, आदल्या वर्षी शेवटच्या आलेल्या संघातले, उरलेसुरले खेळाडू क्लीव्हलँडला पाठवले. हे सगळं कायदेशीर, कारण दोन्ही बाजूंच्या कागदांवर सह्या एकाच घरातल्या.

१५ एप्रिलला हंगाम सुरू झाला तो नेमका सेंट लुईसमध्ये, याच दोन संघांच्या सामन्याने. समोरून चेंडू टाकायला साय यंग. क्लीव्हलँड १-१० असं हरलं. ज्याच्या जिवावर आठ-नऊ वर्षं शहराने माना उंचावल्या, त्यानेच पहिल्या दिवशी त्यांना गुंडाळलं.

रिकाम्या मैदानाचं अर्थशास्त्र

क्लीव्हलँडच्या लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. चांगला माल पलीकडच्या दुकानात गेलाय हे गिऱ्हाइकाला आधी कळतं. त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. साधारण नऊ हजार माणसं मावतील अशा त्या मैदानावर अख्ख्या हंगामात मिळून आले ६,०८८ प्रेक्षक. बेचाळीस सामन्यांत वाटले तर सामन्याला १४५. एखाद्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात.

आता इथे तो बाहेरगावच्या सामन्यांचा उलगडा होतो. तेव्हाच्या पद्धतीत तिकिटांच्या पैशातला वाटा पाहुण्या संघालाही मिळत असे. समजा तिकीट अर्ध्या डॉलरचं आणि पाहुण्यांचा वाटा निम्मा धरला, तर १४५ माणसांच्या गल्ल्यातून त्यांच्या हाती पडणार छत्तीस डॉलर. एवढ्यात पंधरा-सोळा माणसांचं रेल्वेचं भाडं, हॉटेल, जेवण? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! साहजिकच इतर संघ क्लीव्हलँडला यायला कुरकुर करू लागले. आमच्याकडे या, निदान गर्दी तरी होते, असं त्यांचं म्हणणं. रॉबिसनांनाही तेच सोयीचं होतं, कारण दुसऱ्याच्या भरलेल्या मैदानातला पाहुण्याचा वाटा घरच्या रिकाम्या मैदानाच्या गल्ल्यापेक्षा मोठा.

म्हणून सामने हलले. हंगामाचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा प्रवासात गेला. वर्तमानपत्रांनी या संघाला नवी नावं दिली: हद्दपार, भटके, बिनमेळाचे. आणि हे चक्र स्वतःलाच फिरवत राहिलं. संघ घरी नाही म्हणून लोकांची आस्था आटली. आस्था नाही म्हणून घरी सामना ठेवण्यात अर्थ उरला नाही. सतत गाडीत आणि परक्या गावात राहून खेळाडू थकले, आणखी हरले. घरच्या ४२पैकी ते ९ जिंकले होते, म्हणजे पाचात एक. बाहेरच्या ११२पैकी ११, म्हणजे दहात एक. घरी राहते तरी शेवटचेच आले असते यात शंका नाही. पण इतके खोल गेले नसते.

ज्यांना खेळावं लागलं

मला या सगळ्यात कुतूहल वाटतं ते या उरलेल्या माणसांचं. व्यवस्थापक होता लेव्ह क्रॉस, स्वतः खंबीर खेळाडू. त्याने ३८ सामन्यांत ८ विजय मिळवले, आणि बक्षीस काय, तर त्यालाच सेंट लुईसला बोलावून घेतलं. विली सडहॉफ हा बऱ्यापैकी पिचर होता, त्यालाही तिकडे ओढलं. म्हणजे हंगामाआधी खरवडलेलं भांडं हंगाम चालू असतानाही खरवडणं सुरूच होतं. क्रॉस असताना साधारण पाचात एक सामना जिंकणारा हा संघ तो गेल्यावर दहात एकावर आला.

क्रॉसच्या जागी आला जो क्विन. जन्म ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधला. मेजर लीगमध्ये खेळलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन, आणि पुढे १९८६पर्यंत दुसरा कुणी आला नाही. हंगाम नसताना तो सेंट लुईसमध्ये अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करत असे. यावर विनोद करायचा मोह तेव्हाच्या पत्रकारांना आवरला नसणार, मी आवरतो. क्विनच्या हाताखाली संघ १२ जिंकला, १०४ हरला. तो स्वतः मात्र दुसऱ्या बेसवर उभा राहून शेवटपर्यंत नेटाने खेळला.

पिचर होता जिम ह्यूई. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय आणि पराभव पिचरच्या नावावर मांडतात, हा जरा अन्यायी रिवाज आहे. ह्यूईच्या नावापुढे आकडे आहेत ४ विजय, ३० पराभव. त्यानंतर एका हंगामात तीस सामने कुणी हरलेलं नाही. आता विचार करा, तीस पराभव नावावर लागायला आधी तितक्या वेळा मैदानावर उभं राहावं लागतं. त्या काळी पिचर बहुधा पूर्ण सामना एकट्याने टाकायचा. चार्ली नेपर ४-२२. फ्रँक बेट्स १-१८. आणि यांना फलंदाजांचं पाठबळ किती? १५४ सामन्यांत संघाने केल्या ५२९ धावा, दिल्या १,२५२. सामन्याला साडेतीनपेक्षा कमी करायच्या आणि आठ द्यायच्या. अशा संघात साक्षात साय यंग असता तरी त्याने फार तर पराभव थोडे कमी केले असते.

सलग दोन सामने जिंकणं, ही त्या हंगामातली त्यांची सर्वोच्च झेप. तिथून पुढे कधी तिसरा नाही. २६ ऑगस्टपासून १६ सप्टेंबरपर्यंत ते सलग २४ हरले. १८ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये एक जिंकले. मग हंगाम संपेपर्यंत सलग १६ हरले. म्हणजे शेवटच्या ४१ सामन्यांत ४० पराभव.

या अवस्थेत माणसं खेळत राहिली कशी, याचं उत्तर रिझर्व्ह क्लॉजमध्ये आहे: जायला दुसरी जागा नव्हती. पण विनोदबुद्धी शाबूत होती असं दिसतं. संघाचा प्रवास-हॉटेल बघणारा सचिव होता जॉर्ज म्यूर. हंगामाच्या अखेरीस खेळाडूंनी वर्गणी काढून त्याला हिऱ्याचं लॉकेट दिलं म्हणे. कारण काय, तर आमचे सगळे सामने बसून पाहायची शिक्षा एकट्या त्याने भोगली.

शेवटचा दिवस १५ ऑक्टोबर, सिनसिनाटी. तोवर पिचर इतके झिजले होते की संघ उतरला होता त्या हॉटेलातल्या सिगारच्या दुकानावर काम करणारा एडी कोल्ब नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पिचर म्हणून उभा केला. गल्लीबोळात खेळायचा, हौस दांडगी. या संधीसाठी त्याने सिगारचा एक डबा दिला अशीही आख्यायिका आहे. सामना ३-१९ असा गेला. कोल्ब मेजर लीगमध्ये पुन्हा कधी खेळला नाही. पण एकदा खेळला, हे त्याला जन्मभर सांगता आलं असेल.

बाल्टिमोरचं काय झालं?

इथवर वाचून कुणी म्हणेल की दोन संघ एका मालकाकडे गेले की एक मरणारच. तसं नाही, आणि हे मला या हंगामातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. ब्रुकलिन-बाल्टिमोरच्या जोडीतही हेच झालं होतं. बाल्टिमोरचे नामांकित खेळाडू आणि व्यवस्थापक नेड हॅनलन ब्रुकलिनला गेले आणि ब्रुकलिनने लीग जिंकली. पण बाल्टिमोरच्या जॉन मॅकग्रॉ आणि विल्बर्ट रॉबिन्सन या दोघांनी जायला साफ नकार दिला. दोघांचं बाल्टिमोरमध्ये भागीदारीत चालणारं उपाहारगृह होतं, गावात पत होती. पंचविशीतला मॅकग्रॉ खेळाडू आणि व्यवस्थापक दोन्ही झाला, जो मॅकगिनिटी हा नवाकोरा पिचर त्याने हाताशी धरला आणि २८ सामने जिंकून घेतले. बाल्टिमोरचे आकडे: ८६ विजय, ६२ पराभव, चौथा क्रमांक. लुटलेला संघ, तरी चौथा!

फरक एवढाच की बाल्टिमोरमध्ये निदान दोन माणसं अशी उरली ज्यांना ते शहर सोडायचं नव्हतं आणि तसं म्हणण्याइतकी ज्यांची उपजीविका बेसबॉलच्या बाहेर होती. क्लीव्हलँडमध्ये तशी कुणी उरली नाहीत. आणि जो जरा बरा निघाला त्याला मालकांनी स्वतः उचलून नेलं.

आता तो पाचवा क्रमांक. इतका सगळा आटापिटा करून, एक शहर उजाड करून उभा केलेला सेंट लुईस परफेक्टोज हंगामाच्या अखेरीस कुठे होता? ८४ विजय, ६७ पराभव. पाचवा. साय यंगने २६ सामने जिंकून दिले, बर्केट .४००च्या उंबरठ्यापर्यंत गेला, तरी पाचवाच. हीच मंडळी आदल्या वर्षी क्लीव्हलँडमध्ये राहूनही पाचवीच आली होती. रॉबिसनांना गल्ला मोठा मिळाला हे खरं. अजिंक्यपद काही मिळालं नाही.

त्या हिवाळ्यात लीगने पैसे मोजून चार संघ गुंडाळले: क्लीव्हलँड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, लुईव्हिल. लुईव्हिलचा मालक बार्नी ड्रायफस मात्र होनस वॅग्नरसारखे आपले मोहरे घेऊन आधीच पिट्सबर्गमध्ये शिरला होता. बाराचे आठ झाले. मालकांना वाटलं, खर्च वाचला. पण दोन ते पाच लाखांची वस्ती असलेली, बेसबॉलची सवय लागलेली शहरं त्यांनी मोकळी सोडली होती. बॅन जॉन्सन नावाचा एक धोरणी गृहस्थ पश्चिमेकडची एक छोटी लीग चालवत होता. १९०१मध्ये त्याने तिला 'अमेरिकन लीग' या नावाने मेजर लीग म्हणून जाहीर केलं आणि संघ कुठे नेले? क्लीव्हलँड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन. शिवाय २,४०० डॉलरची मर्यादा त्याने मानली नाही. सेंट लुईसचा साय यंग त्याच वर्षी अमेरिकन लीगच्या बोस्टन संघात गेला, आणि १९०३च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधल्या मालिकेत, त्या संघाने हरवलं ते ड्रायफसच्याच पिट्सबर्गला. एका मालकाचे एकाच लीगमध्ये दोन संघ ही सोय पुढे नियमानेच बंद झाली.

क्लीव्हलँडचा नवा संघ खेळू लागला तो रॉबिसनने बांधलेल्या त्याच लीग पार्कवर. आजचे क्लीव्हलँड गार्डियन्स ते हेच. २४ एप्रिल १९०१, अमेरिकन लीगचा मेजर लीग म्हणून पहिलावहिला सामना शिकागोत झाला. पाहुणा संघ होता क्लीव्हलँड. हरले, २-८. बाहेरगावी हरायची या शहराला सवय होतीच. फक्त या वेळी वेळापत्रकातले घरचे सामने घरीच होणार होते.